पंधरवड्याची मिशन

पूर्वी मिशनरी होणं म्हणजे बहुधा जन्मभराचं काम. सिंथिया फरार १८२७ मध्ये मुंबईत आल्या, १८६२ मध्ये अहमदनगरलाच वारल्या; त्यांची मुलींची शाळा जोतिरावांनी पाहिली होती. पुढे विमानप्रवास आवाक्यात आला. १९६० मध्ये लॉरेन कनिंगहॅम यांनी अमेरिकेत ‘यूथ विथ अ मिशन’ काढली आणि चर्चमधले तरुण सुट्टीपुरते परदेशी जाऊ लागले. गाणी, खेळ, खाऊ. मुलांना लळा लागतो तोच पाहुणे परततात. कंबोडियात तर पाहुणे आणि देणग्या वाढल्या, तशी अनाथालयंही वाढली. २०११ च्या पाहणीत तिथल्या बहुसंख्य मुलांचे आई किंवा वडील हयात निघाले. म्हणजे गरिबीत पिचलेल्या घरातून मूल उचललं गेलं. तोच पैसा त्या घराला मिळाला असता तर?