कसबा : फेजच्या बाजारापासून इंदापूरच्या पेठेपर्यंत

पुणे जिल्ह्याच्या पूर्व भागातील जुन्या मराठी कागदपत्रांत इंदापूर, बारामती, सुपे अशा गावांच्या नावाआधी ‘कसबे’ हे पद येते, तर भोवतालच्या शेतकरी वस्तीच्या गावांना ‘मौजे’ म्हटलेले असते. परगणा म्हणजे अनेक गावांचा मिळून झालेला महसुली विभाग; त्या परगण्याचे मुख्य ठाणे, जेथे अंमलदाराची कचेरी, जकातीचे नाके, कारागिरांची घरे आणि भरता बाजार एकाच ठिकाणी सापडत, ते कसबा होय. मोरोक्कोची सहल केलेल्या किंवा तिची छायाचित्रे पाहिलेल्या वाचकाला मात्र हाच शब्द ऐकून तांबूस मातीच्या भिंती आणि बुरूज आठवतात, कारण त्या देशात ‘कसबा’ म्हणजे तटबंद बालेकिल्ला. हे दोन अर्थ एकमेकांपासून कसे दुरावले, हे पाहू लागल्यास दख्खनच्या बाजारगावांची घडण बरीच उलगडते.

शब्द मूळचा अरबी असून बोरू, वेत अशा पोकळ कांडाच्या वाचक शब्दाशी त्याचे नाते आहे. दहाव्या शतकातील जेरुसलेमचा भूगोलकार अल्-मुकद्दसी याने नगरांची उतरंड लावताना महानगरांना राजाचे, कसब्यांना राजाच्या दरबारी हाजिबांचे म्हणजे राजाच्या भेटीगाठी सांभाळणाऱ्या अधिकाऱ्यांचे, लहान शहरांना सैन्याचे आणि खेड्यांना प्याद्यांचे स्थान दिले. म्हणजे त्याच्या काळी कसबा हे प्रांताचे मुख्य शहर होते. पश्चिमेकडे या शब्दाचा राज्यकर्त्याच्या गढीशी संबंध घट्ट झाला. बाराव्या शतकाच्या अखेरीस याकूब अल्-मन्सूर या अल्मोहाद घराण्यातील खलिफाने माराकेश येथे वाडे, मशीद आणि शिबंदी यांसाठी जो स्वतंत्र तटबंद भाग उभारला, तो कसबा. व्यापारी आणि कारागीर त्याच्या बाहेर, मदिनेत म्हणजे मूळ शहरात राहिले. फेज शहरात अत्तार-मसाल्यांचा अत्तारीन, तांबटांचा सफ्फारीन आणि रात्री दरवाजे लावून बंद होणारी कापडाची कैसारिया हे सारे बाजार मदिनेतच आहेत, आणि आजचा प्रवासी खाण्यासाठी व खरेदीसाठी तेथेच हिंडतो. पूर्वेकडे फारसीच्या वाटेने हा शब्द हिंदुस्थानात आला तेव्हा तटाचा अर्थ गळून पडला व प्रशासनाचा अर्थ टिकला. त्यामुळे मराठीत कसबा म्हटल्यावर बाजार आतच येतो.

मराठी बोलणाऱ्याच्या मनात ‘कसबा’ आणि ‘कसब’ हे शब्द शेजारी बसतात आणि कसबी लोकांचे गाव तो कसबा, अशी व्युत्पत्ती सहज सुचते. अरबीत मात्र ‘कसब’ हा मिळकतीच्या अर्थाचा निराळा शब्द असून त्याची मुळाक्षरेही वेगळी आहेत. तरीही हे लौकिक स्पष्टीकरण वस्तुस्थितीपासून फार लांब नाही, कारण कोष्टी, तांबट, रंगारी, तेली यांच्या आळ्यांवाचून कसब्याची कल्पना करता येत नाही.

मोरोक्को आणि मराठी मुलूख यांचा प्रत्यक्ष संबंध सांगणारा पुरावा चौदाव्या शतकातला आहे. तांजिएर येथे 1304 मध्ये जन्मलेला इब्न बतुता 1342च्या सुमारास दिल्लीच्या सुलतानाचा वकील म्हणून चीनकडे निघाला असता दौलताबादेस येऊन गेला. सुलतान व त्याचे सैन्य यांचे दौलताबाद, कटक नावाचा दुसरा भाग आणि देवगिरीचा बालेकिल्ला, असे नगराचे तीन भाग त्याने नोंदवले. येथील द्राक्षे व डाळिंबे वर्षातून दोनदा येतात, हेही त्याने लिहून ठेवले. गायक-गायिकांच्या ‘तरबाबाद’ या बाजाराचे त्याचे वर्णन तर विशेष मोलाचे आहे : प्रत्येक दुकानाला मालकाच्या घरात उघडणारे दार, आत गालिचे, आणि बाजाराच्या मध्यभागी घुमटाखाली दर गुरुवारी तिसऱ्या प्रहरानंतर बसणारा कलावंतांचा प्रमुख. हा सारा मजकूर त्याने पुढे फेज येथे सांगितला आणि इब्न जुझय्य या लेखकाने तो 1356 मध्ये पूर्ण केला, म्हणून महाराष्ट्रातील बाजाराचे एक अतिशय जुने परदेशी वर्णन मोरोक्कोच्या त्या शहरात लिहिले गेले आहे.

दख्खनी सुलतानशाह्यांत आणि पुढे मराठेशाहीत कसब्याला जोडून पेठ वसवण्याची पद्धत रूढ झाली. पेठ म्हणजे व्यापारासाठी मुद्दाम वसवलेली वस्ती. तिच्यासाठी सरकार कौल देई, म्हणजे ठरावीक वर्षे कर माफ करण्याचे किंवा कमी घेण्याचे लेखी वचन देई. गावात पाटील व कुलकर्णी असत, तसे पेठेत शेटे आणि महाजन हे वंशपरंपरागत वतनदार असत. दुकानांची जागा नेमणे, वजनमापांवर नजर ठेवणे, उदम्यांचे तंटे मिटवणे ही त्यांची कामे. त्याच्या मोबदल्यात विक्रीस आलेल्या धान्य-भाजीतून मूठभर माल घेण्याचा हक्क असे, त्याला फसकी म्हणत. कारागिरांवर मोहतर्फा आणि बाजारात बसण्याच्या जागेवर तहबाजारी असे वेगळे कर होते. पायली, अधोली, शेर, चिपटे या मापांनी चालणाऱ्या त्या व्यवहारात विश्वासाचा आधार शेटे-महाजन हाच होता, आणि म्हणून कसब्याचा इतिहास सरदारांइतकाच त्यांच्याही नावे लिहिला गेला पाहिजे.

इंदापुरात निजामशाहीच्या बाजूने लढताना मालोजीराजे भोसले धारातीर्थी पडले; त्यांची गढी आणि चाँदशाहवलींचा दर्गा ही तेथील जुनी ठिकाणे आहेत. बारामतीत आजही ‘कसबा’ नावाचा भाग आहे. कऱ्हेच्या काठी बाबूजी नाईकांचा वाडा आहे. हे घराणे सावकारीतून मोठे झालेले आणि सोयरिकीने पेशव्यांशी जोडलेले होते. त्यांच्याच आश्रयाने पंडित कवी मोरोपंत (1729–1794) बारामतीस राहिले. सावकाराचा वाडा, नदीकाठची सिद्धेश्वर व काशीविश्वेश्वर ही मंदिरे, पेठ आणि पंडित कवी हे एकत्र येणे मौज्यात शक्य नव्हते. ती कसब्याचीच मिळकत होय.

इंग्रजी अमलात परगण्याची जागा तालुक्याने घेतली. जमिनीची प्रतवारी करून तीस वर्षांसाठी सारा ठरवण्याची मुंबई इलाख्याची पद्धत गोल्डस्मिड आणि विंगेट यांनी 1835 पासून प्रथम इंदापूर तालुक्यात अमलात आणली. रोख सारा भरण्यासाठी शेतकऱ्याला कसब्यातल्या सावकाराच्या दारी जावे लागे; त्या कर्जाचा कडेलोट होऊन 12 मे 1875 रोजी सुपे येथे दंगा उसळला आणि कर्जखते जाळली गेली. बाजारगावाची ही कठोर बाजू वगळून त्याचे गोडवे गाणे योग्य नव्हे.

त्यानंतर नीरा डावा कालवा आला, उसाचा गूळ बारामतीच्या पेठेत आला आणि पुढे मोठा व्यापार बाजार समितीच्या आवारात गेला. इंदापूरची डाळिंबे आता तेथे विकली जातात, 1980 मध्ये पूर्ण झालेल्या उजनी धरणातील चिलापी, कटला, मरळ हे मासे भिगवणला येतात आणि तेथील मासळीच्या ताटासाठी लोक पुण्याहून येतात. आठवडे बाजारात मात्र जुनी रीत शिल्लक आहे : घोंगडी, दोरखंड, केरसुण्या, मडकी, शाळू ज्वारी, आणि घरी परतताना पोरांसाठी पुडीत बांधलेली गोडी शेव. 

इंदापूर आणि बारामती या दोन गावांना भेट देणाऱ्याने बाजाराचा वार आधी विचारून जावे आणि गढी, वाडा, नदीकाठची मंदिरे व बाजार ही त्या त्या गावी पायी फिरून पाहावीत. ही चारही पाहिल्याशिवाय कसबा पाहिला, असे म्हणता येत नाही.