मोटारीचा मागचा दिवा

१९०८ सालीं निघालेल्या फोर्डच्या ‘मॉडेल टी’ मोटारीला मागें रॉकेलचा दिवा असे. १९१५ सालीं पुढचे दिवे विजेचे झाले, तरी मागें रॉकेलच जळत राहिलें. पुढें तेथेंहि बल्ब आला. आट्यांचा बल्ब हादऱ्यांनीं सैल होई. म्हणून दोन खुंट्यांचा, स्प्रिंगनें दाबून धरलेला बल्ब मोटारींत रूढ झाला.

मात्र परतीची तार वांचविण्यासाठीं वीज गाडीच्या पत्र्यांतूनच परत नेली जाई. त्यामुळें होल्डर सैल झाला वा गंजला, कीं बल्ब शाबूत असूनहि दिवा मिणमिणतो. अशा वेळीं बल्बच बदलत बसूं नये. होल्डर घांसून घट्ट बसवावा व तेथून सांगाड्यापर्यंत स्वतंत्र तार जोडावी.

चालकाला हा दिवा दिसत नाहीं. पण मागून येणाऱ्याचा आणि त्याचा स्वतःचाहि जीव त्यावरच अवलंबून असतो.