स्वराज्याचे तोरण

चाकणचा संग्रामदुर्ग पाहायला मी दरवर्षी शाळेची मुले नेतो. चहूकडे मोटारींचे कारखाने, आणि मध्ये हा पडका भुईकोट. १६६० साली शाहिस्तेखानाच्या अफाट फौजेपुढे फिरंगोजी नरसाळ्यांनी तो पन्नासांहून अधिक दिवस झुंजवला. अखेर सुरुंगाने बुरूज उडाला. हे सांगताच यंदा एक पोरगा म्हणाला, "गुरुजी, शेवटी किल्ला गेलाच ना?"

त्याला मी उत्तरादाखल एका चित्रपटाची हकीकत सांगितली. वाचकहो, तीच आज फराळाबरोबर तुमच्यापुढे ठेवतो.

१९२९ च्या जून महिन्यात कोल्हापुरात 'प्रभात फिल्म कंपनी' निघाली. दामले, फत्तेलाल, धायबर आणि शांताराम हे बाबूराव पेंटरांच्या हाताखाली तयार झालेले चौघे, आणि पाचवे सीतारामपंत कुलकर्णी. पैसा बेताचा, पण हौस दांडगी. दुसऱ्याच वर्षी त्यांनी बाल शिवाजीच्या बंडावर मूकपट काढला. दिग्दर्शन शांतारामांचे, आणि शिवाजीही तेच झाले. पेंटरांच्या 'सिंहगडा'त हेच गृहस्थ शेलारमामा होते!

चित्रपटाचे नाव ठेवले 'स्वराज्याचे तोरण'. तोरणा गडाची आठवण त्यात आली आणि शुभारंभाचा अर्थही आला.

पण साल होते १९३०. मिठाचा सत्याग्रह पेटलेला. सोलापुरात मे महिन्यात लष्करी कायदा पुकारला गेला. त्या प्रकरणात मल्लप्पा धनशेट्टी, कुर्बान हुसेन, जगन्नाथ शिंदे आणि श्रीकिसन सारडा या चौघांना १२ जानेवारी १९३१ रोजी येरवड्यात फाशी दिले. अशा दिवसांत 'स्वराज्य' हा शब्द पडद्यावर सरकारला कसा खपावा? सेन्सॉरने हरकत घेतली. नाव बदलून 'उदयकाल' करावे लागले. शेवटी गडावर झेंडा चढतो, ते दृश्यही गाळावे लागले.

गंमत पाहा. चित्रपट मुका. त्यात ना घोषणा, ना पोवाडा. तलवारी लाकडी असल्या तरी चालले असते. तरीही साता समुद्रांपलीकडच्या साम्राज्याला काठीवरच्या वीतभर कापडाचे भय वाटले. कात्री चालवून त्यांनीच कबूल केले की, तीनशे वर्षांपूर्वीची ही गोष्ट अजून संपलेली नाही. आणि कात्री लागली म्हणून शिवाजी कोण होता हे काही प्रेक्षक विसरणार नव्हते.

मी त्या पोराला म्हटले, "बाळ, चाकणचा किल्ला गेला, पण १६६३ साली खुद्द लाल महालात खानाची बोटे तुटली. शांतारामांचा झेंडा कापला गेला, पण १९४७ साली खरा झेंडा चढलाच."

पोरगा बुरुजाच्या दगडांकडे बघत राहिला. परतताना त्याने विचारले, "गुरुजी, 'तोरण' म्हणजे आपण दिवाळीत दाराला बांधतो तेच ना?"

"तेच रे, तेच!" मी म्हणालो.