दुधावाचून सॉर्बे : साखर, पाणी आणि बर्फ यांचा हिशेब

दुधाच्या आइस्क्रीममध्ये बऱ्याच चुका झाकल्या जातात. त्यातली स्निग्धता जिभेवर पसरते, दुधातली प्रथिने पाणी धरून ठेवतात, घुसळताना शिरलेली हवा टिकून राहते. साखर थोडी कमी पडली किंवा गोठवायला वेळ लागला, तरी पदार्थ खाण्याजोगा राहतो. दूध वगळले की हा आधार जातो. फळाचा गर, साखर आणि थोडे आम्ल एवढ्यावरच सगळी रचना उभी राहते. म्हणून सॉर्बेमध्ये साखरेचे प्रमाण ठरवताना गोडीपेक्षा पोताचा विचार आधी करावा लागतो. घरचे सॉर्बे चमच्याला दाद देत नाही, तेव्हा बहुधा हाच विचार राहून गेलेला असतो.

शुद्ध पाणी शून्य अंशाला गोठते. किलोभर पाण्यात ३४२ ग्रॅम साखर, म्हणजे एक मोल, विरघळवली की गोठणबिंदू जवळपास २ अंशांनी खाली येतो. पण खरी गोष्ट त्यानंतर घडते. द्रावण गोठू लागले की स्फटिक होऊन बाहेर पडते ते केवळ पाणी. साखर मागेच राहते. उरलेला पाक त्यामुळे आणखी दाट होतो आणि त्याचा गोठणबिंदू आणखी उतरतो. तापमान जसे खाली जाईल तसा बर्फ वाढतो, पाक दाटत जातो, आणि घरच्या फ्रीझरच्या उणे १८ अंशांनाही थोडा पाक न गोठता शिल्लक राहतो. सॉर्बेत चमचा शिरतो तो या उरलेल्या पाकामुळे. ढोबळ हिशेब असा की उणे १८ अंशांना साखर आपल्या वजनाच्या सुमारे निम्म्या पाण्याला गोठू देत नाही. किलोभर मिश्रणात २८० ग्रॅम साखर असेल तर १४० ग्रॅम पाणी तिच्यासोबत द्रवरूपात राहते, म्हणजे एकूण ४२० ग्रॅम पाक. साखर १८० ग्रॅमवर आणली तर पाक २७० ग्रॅमच उरतो आणि बाकी सगळा बर्फ. शंभर ग्रॅम साखरेच्या फरकाने पदार्थाची जात बदलते.

यावरून प्रमाण काढता येते. सॉर्बेच्या मिश्रणात एकूण साखर २५ ते ३० टक्के असावी. आपण २८ धरू. पिकलेल्या हापूसच्या गरात साधारण १६ ते २० टक्के साखर असते. १८ धरली तर ५०० ग्रॅम गरात ९० ग्रॅम. हापूसचा गर दाट, म्हणून त्यात १०० ग्रॅम पाणी घालू. आता या ६०० ग्रॅमचे २८ टक्के म्हणजे १६८. त्यातून ९० वजा केले की ७८ उरतात, आणि त्यांना ०.७२ने भागले की १०८ ग्रॅम. एवढी साखर वरून घालायची. भागाकार यासाठी की घातलेली साखर मिश्रणाचे वजनही वाढवते. डबाबंद आमरस वापरणाऱ्यांनी डब्यावरचा मजकूर आधी वाचावा, कारण पुष्कळदा त्यात साखर घातलेलीच असते.

महाबळेश्वरच्या स्ट्रॉबेरीचा हिशेब वेगळा. तिच्यात साखर ८ टक्क्यांच्या आसपास, म्हणून ५०० ग्रॅम गराला पाण्याचा थेंबही न घालता सुमारे १४० ग्रॅम साखर लागते. जांभळाला साधारण ११०. फळाची साखर अंदाजाने धरण्याऐवजी मोजायची असेल, तर नाशिककडचे द्राक्षबागायतदार घडाची गोडी पाहायला वापरतात तो रिफ्रॅक्टोमीटर इथेही चालतो. जुनी पद्धत अंड्याची आहे. धुतलेले ताजे अंडे मिश्रणात सोडावे. छोट्या नाण्याएवढे कवच वर दिसले की साखर जमली. पण ही परीक्षा लिंबाच्या किंवा कलिंगडाच्या पातळ रसापुरतीच खरी. दाट आमरसात अंडे जाडपणामुळेच अडकते आणि काहीच सांगत नाही.

एवढी साखर पाहून अनेकांचा हात आखडतो. मिश्रण चाखले की ते अतिगोड वाटतेच, आणि तसे वाटायलाच हवे, कारण थंडीत जिभेची गोडी ओळखण्याची क्षमता मंदावते. तब्येतीसाठी साखर कमी करायची असेल तर वाटी लहान घ्यावी, मिश्रणातली साखर कापू नये, असे माझे स्पष्ट मत आहे. अतिगोडपणाच नको असेल तर एक रास्त उपाय आहे. ग्लुकोजचा रेणू साखरेच्या रेणूच्या जवळपास निम्म्या वजनाचा असतो, त्यामुळे तेवढ्याच वजनात रेणू दुप्पट येतात आणि गोठणबिंदू दुपटीने उतरतो. शिवाय तो साखरेइतका गोडही नसतो. पाव हिस्सा साखरेऐवजी साधी, बिनस्वादाची ग्लुकोज पावडर घातली की गोडी उतरते आणि पोत मऊ होतो. गुळातही काही ग्लुकोज आणि फ्रुक्टोज असते, पण गुळाची चव हापूसवर कुरघोडी करते; जांभळाला मात्र ती मानवते.

लिंबाचा रस चमचाभर आणि मीठ चिमूटभर, इतकेच.

आता गोठवणे. स्फटिक जितके बारीक, तितका पदार्थ मऊसर लागतो, आणि बारीक स्फटिकांसाठी दोन गोष्टी लागतात : गोठण्याचा वेग आणि हलते मिश्रण. हाताने फिरवायच्या लाकडी संच्यात दोन्ही साधतात. तीन भाग बर्फाला एक भाग खडे मीठ घातले की बर्फ वितळू लागतो. एक ग्रॅम बर्फ वितळायला ८० कॅलरी उष्णता लागते, ती भोवतालातून आणि आतल्या भांड्यातून ओढली जाते, आणि तापमान उणे २१ अंशांपर्यंत उतरू शकते. भांड्याच्या भिंतीवर धरलेला बर्फ पाती खरवडत राहतात, त्यामुळे स्फटिकांना वाढायला सवड मिळत नाही. संचा नसेल तर मिश्रण आधी फ्रीजमध्ये गार करावे, बर्फाच्या ट्रेमध्ये गोठवावे आणि ते खडे मिक्सरमध्ये थोडा-थोडा वेळ फिरवावेत. मिक्सरचे भांडेही फ्रीझरमध्ये ठेवलेले असावे, नाहीतर पात्यांची उष्णता कडेचा भाग वितळवते आणि तोच पुढे मोठ्या स्फटिकांनी गोठतो.

साखर न घालता गोठवलेली केळी मिक्सरमध्ये फिरवली की लोण्यासारखी मऊ होतात, हे आता पुष्कळांना माहीत आहे. त्याने वरचा हिशेब खोटा ठरत नाही. पिकलेल्या केळ्यात पाणी तीन चतुर्थांशच, त्यात पेक्टिन आणि उरलेला स्टार्च. ही सामग्री मोकळे पाणी जखडून ठेवते आणि बर्फ पात्यांनी नुकताच मोडलेला असतो. तोच पदार्थ रात्रभर पुन्हा फ्रीझरमध्ये ठेवा, सकाळी चमचा आत जाणार नाही. सीताफळाचा गरही असाच दाट, पण तो तापवू नये, कडवट होतो. त्यातली कणीदार रवाळी चाळणीने काढली तरच सॉर्बे नितळ होते.

स्निग्धता हवीच असेल तर पहिल्या पिळणीचे नारळाचे दूध आहे. मात्र खोबरेल २४ अंशांच्या खाली घट्ट होते, त्यामुळे दूध जास्त घालून फार वेळ घुसळले तर मेणचट कण सुटतात. शिवाय तोंडात बसलेला चरबीचा थर नाजूक गंध दडपतो, म्हणून हापूसमध्ये मी ते घालणार नाही. कोकमाच्या आगळात घालीन. सोलकढीने ही जोडी केव्हाच सिद्ध केली आहे. आगळ खारट असते, ते वापरताना वरचे मीठ वगळावे.

दूध न पचणाऱ्यांनी विकतच्या पाकिटाबाबत सावध राहावे. आपल्याकडे ‘फ्रोझन डेझर्ट’ या नावाने मिळणाऱ्या पदार्थांत दुधाच्या चरबीऐवजी वनस्पती तेल असते, पण दुधाची पावडर त्यातही बहुधा असतेच. घरचे सॉर्बे मात्र साठवणीत फार टिकत नाही. फ्रीझरच्या दाराची उघडझाप झाली की बारीक स्फटिक विरघळतात आणि ते पाणी मोठ्या स्फटिकांवर जाऊन बसते; दूध नसल्याने ही वाढ रोखणारे फारसे काही मिश्रणात नसते. उथळ डबा, पृष्ठभागाला चिकटवलेला कागद आणि दारापासून दूरची, तळाची जागा यांनी आठवडाभर निभावते. वाढण्यापूर्वी डबा दहा मिनिटे फ्रीजच्या खालच्या कप्प्यात ठेवावा. तरीही खरखर लागली तर सगळे वितळवून पुन्हा गार करावे आणि नव्याने घुसळावे, फळाची चव त्याने फारशी उतरत नाही.