रुग्णालयाच्या आवारातील धूम्रपानबंदी : कायदा आणि अंमलबजावणी

रुग्णालयाच्या इमारतीत धूम्रपान करणे हा संपूर्ण देशात दंडनीय अपराध आहे. मात्र प्रवेशद्वार, वाहनतळ, बाह्यरुग्ण विभागासमोरील मोकळी जागा किंवा नातेवाइकांच्या निवाऱ्यापुढचे अंगण या ठिकाणी बंदी कितपत लागू होते, याविषयी रुग्णालय प्रशासन आणि नागरिक या दोघांच्याही मनात संभ्रम आढळतो. बिडी-सिगारेट ओढणारी व्यक्ती बहुधा इमारतीबाहेर याच जागांचा आश्रय घेते. त्यामुळे बंदीचे यश प्रत्यक्षात आवारातच ठरते.

बंदीची पार्श्वभूमी

दिल्लीत १९९६ मध्ये आणि गोव्यात १९९७ मध्ये सार्वजनिक ठिकाणच्या धूम्रपानाविरुद्ध कायदे करण्यात आले. गोव्याच्या कायद्यात थुंकण्यासही प्रतिबंध आहे. केरळ उच्च न्यायालयाने १९९९ मध्ये सार्वजनिक धूम्रपान बेकायदा ठरवले. त्यानंतर मुंबईचे नेते मुरली देवरा यांच्या याचिकेवर सर्वोच्च न्यायालयाने २ नोव्हेंबर २००१ रोजी देशव्यापी आदेश दिला. धूम्रपान न करणाऱ्या व्यक्तीला इतरांच्या धुराचा त्रास सोसावा लागणे हे राज्यघटनेच्या २१ व्या अनुच्छेदातील जीविताच्या अधिकाराशी विसंगत आहे, अशी न्यायालयाची भूमिका होती. बंदी घातलेल्या ठिकाणांच्या यादीत रुग्णालयांच्या इमारती आणि आरोग्य संस्था यांचा स्पष्ट समावेश होता.

संसदेने २००३ मध्ये सिगारेट व अन्य तंबाखू उत्पादनांविषयीचा कायदा संमत केला. त्यातील कलम ४ अन्वये सार्वजनिक ठिकाणी धूम्रपानास मनाई आहे. याविषयीचे सुधारित नियम २ ऑक्टोबर २००८ पासून अमलात आले.

इमारत आणि आवार

या कायद्यानुसार किमान ३० खोल्यांची हॉटेले, किमान ३० आसनांची उपाहारगृहे आणि विमानतळ येथे धूम्रपानासाठी स्वतंत्र कक्ष ठेवता येतो. रुग्णालयांना ही सवलत नाही. त्यामुळे रुग्णालयाच्या इमारतीत कर्मचाऱ्यांसाठी वा नातेवाइकांसाठी असा कक्ष राखून ठेवता येत नाही.

आवाराचा प्रश्न व्याख्येतून उद्भवतो. कायद्यातील ‘सार्वजनिक ठिकाण’ या संज्ञेत रुग्णालयाची इमारत येते, मात्र ‘मोकळी जागा’ वगळण्यात आली आहे. २००८ च्या नियमांनी ही पळवाट अरुंद केली. खुले प्रेक्षागृह, क्रीडांगण, रेल्वे स्थानक, बस थांबा आणि लोकांची ये-जा असलेली अशी इतर ठिकाणे ‘मोकळी जागा’ समजली जाणार नाहीत, असे नियमांत नमूद आहे. रुग्णालयाच्या आवाराचा तेथे नावाने उल्लेख नसला, तरी ‘अशी इतर ठिकाणे’ या शब्दांत त्याचा समावेश होतो, असा अर्थ लावण्यास पुरेसा आधार आहे. शिवाय आपल्या कुंपणाच्या आत धूम्रपानास मनाई करण्याचा नियम प्रशासन स्वतःही करू शकते.

आवार धूरमुक्त का असावे

श्वसनविकार व हृदयविकाराचे रुग्ण, गर्भवती स्त्रिया आणि लहान मुले याच आवारातून आत येतात. दारे-खिडक्यांलगत ओढलेल्या सिगारेटचा धूर कक्षांत शिरतो. अनेक रुग्णालयांत प्राणवायूचे सिलिंडर आणि टाक्या इमारतीबाहेरच असतात. प्राणवायू स्वतः जळत नाही, परंतु ज्वलनाला तीव्र वेग देतो. त्यामुळे एक जळते थोटूकही अनर्थास कारण ठरू शकते.

जबाबदारी कोणाची

प्रत्येक प्रवेशद्वारापाशी, प्रत्येक मजल्यावर, जिन्यांत आणि लिफ्टजवळ किमान ६० बाय ३० सेंटीमीटर आकाराचा ‘धूम्रपान निषिद्ध क्षेत्र – येथे धूम्रपान करणे हा अपराध आहे’ असा फलक लावणे बंधनकारक आहे. तक्रार कोणाकडे करावी, त्या व्यक्तीचे नावही तेथे देणे आवश्यक आहे. रक्षापात्र, काडेपेटी वा लायटर उपलब्ध करून देण्यास मनाई आहे. तक्रार येऊनही प्रभारी व्यक्तीने कारवाई केली नाही, तर जितके अपराध घडले तितक्या दंडास ती व्यक्ती पात्र ठरते.

धूम्रपान करणाऱ्यास केंद्रीय कायद्यानुसार २०० रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो. कर्नाटकाने २०२५ मध्ये दुरुस्तीद्वारे ही मर्यादा १,००० रुपयांपर्यंत वाढवली. ई-सिगारेटचे उत्पादन, विक्री व जाहिरात यांवर २०१९ च्या स्वतंत्र कायद्याने देशभर बंदी आहे.

उरलेल्या त्रुटी

शैक्षणिक संस्थेपासून १०० यार्डांच्या, म्हणजे सुमारे ९१ मीटरच्या आत तंबाखू उत्पादनांची विक्री करता येत नाही. रुग्णालयांना हे संरक्षण लागू नाही. त्यामुळे वैद्यकीय महाविद्यालयाशी संलग्न रुग्णालयाच्या फाटकाबाहेर विक्री रोखता येते, पण साध्या रुग्णालयाबाहेरची पानटपरी या तरतुदीखाली हटवता येत नाही. तसेच कलम ४ केवळ धूम्रपानाविषयी आहे. तंबाखू वा गुटखा खाऊन थुंकण्यास आळा घालण्यासाठी राज्यांचे व स्थानिक संस्थांचे नियम वापरावे लागतात.

सोडू इच्छिणाऱ्यांसाठी

२०१६-१७ च्या जागतिक प्रौढ तंबाखू सर्वेक्षणानुसार भारतातील १०.७ टक्के प्रौढ धूम्रपान करत होते. आप्ताच्या आजारपणाच्या चिंतेत सिगारेट पेटवणाऱ्या नातेवाइकाला दंडाबरोबरच मदतीचीही गरज असते. तंबाखू सोडण्यासाठी समुपदेशन देणारी राष्ट्रीय दूरध्वनी सेवा २०१६ मध्ये दिल्लीच्या वल्लभभाई पटेल वक्ष संस्थेत सुरू झाली. पुढे मुंबईच्या टाटा स्मारक केंद्रासह अन्य संस्थांत तिचा विस्तार करण्यात आला. १८००-११-२३५६ हा तिचा निःशुल्क क्रमांक आहे. मनाईच्या फलकाशेजारी हा क्रमांकही लिहिल्यास आवारातील बंदीला उपचाराची जोड मिळू शकते.