पेट्रोल गेलं कुठे? रांगांचा पन्नास वर्षांचा हिशोब

“पंपावर बघ कशी झुंबड उडालीये, लोकांना अक्कलच नाही.” हे वाक्य आपण सगळ्यांनी ऐकलंय, बहुतेकांनी म्हटलंही आहे. गंमत म्हणजे ते म्हणणारा माणूस बऱ्याचदा त्याच झुंबडीत गाडी घेऊन उभा असतो. इंधन मिळणार नाही या भीतीनं होणाऱ्या खरेदीला आपण सरसकट ‘पॅनिक बायिंग’ म्हणतो. या शब्दात निदान आधीच करून ठेवलेलं आहे: लोक घाबरले, म्हणून पेट्रोल संपलं. मग उपायही ठरलेला, लोकांना सांगा की घाबरू नका.

माझं पीएचडीचं काम साठा, मागणी आणि रांगा यांच्या गणिती प्रारूपांवर आहे. प्रारूप कागदावर छान चालतं, पण ते खऱ्या जगाला लागू पडतं का हे बघायला जुन्या टंचाया वाचाव्या लागतात. त्या वाचताना माझं एक मत पक्कं होत गेलं. भीती, घबराट, अफवा हे शब्द थोडा वेळ बाजूला ठेवून नुसत्या टाक्या मोजल्या, तर गोंधळाचा बराचसा उलगडा होतो. शिवाय कुठल्या उपायानं कोण तरतो आणि कोण मरतो, हेही दिसतं.

आधी एक काल्पनिक गाव

समजा, एका गावात एकच पंप आहे आणि ४,००० मोटरसायकली. प्रत्येकीची टाकी १० लिटरची. प्रत्येक गाडी रोज अर्धा लिटर पेट्रोल पिते, म्हणजे गावाचा रोजचा खप २,००० लिटर. दर सहा दिवसांनी १२,००० लिटरचा टँकर येतो. हिशोब बरोबर जुळतो.

आता माणसं पेट्रोल कसं भरतात? टाकी फुल करणारे थोडे. बहुतेक जण दोन-दोन लिटर टाकतात. कोणत्याही क्षणी गावातल्या सरासरी गाडीत २ लिटर असतं असं धरू.

एक दिवस बातमी येते की टँकर बंद होणार. पंपाच्या जमिनीखालच्या टाकीत त्या दिवशी १४,००० लिटर आहे, म्हणजे नेहमीच्या खपानं पूर्ण आठवडा पुरेल इतकं. सगळे टाकी फुल करायला निघतात. प्रत्येकाला हवं ८ लिटर, गावाला मिळून ३२,००० लिटर. १,७५० गाड्या भरून झाल्या की पंप कोरडा. उरलेल्या २,२५० गाड्या आल्या तशा परत.

इथे काय काय घडलं नाही ते बघा. टँकर अजून बंद झालेला नाही. कोणी डबे भरून साठेबाजी केली नाही. कोणी एक थेंबही जास्त जाळला नाही. १४,००० लिटर पेट्रोल जमिनीखालच्या एका मोठ्या टाकीतून १,७५० छोट्या टाक्यांमध्ये गेलं, इतकंच. गावातल्या पेट्रोलचा आकडा तोच राहिला, फक्त जागा बदलली. आणि जागा बदलल्यामुळे ते आता कोणाच्याच सामायिक उपयोगाचं उरलं नाही.

यात दुसरीही एक गोष्ट लपलेली आहे, ती म्हणजे वेळ. पंपावर दोन नळ्या आहेत, पंप १६ तास चालतो, गाडीमागे मिनिटभर लागतं असं धरू. दिवसाला १,९२० गाड्या होऊ शकतात. एरवी प्रत्येक जण चार दिवसांनी येतो, म्हणजे रोज १,००० गाड्या. आरामात भागतं. पण लोक रोजच्या रोज अर्धा लिटर टाकून टाकी भरलेली ठेवू लागले, तर रोज ४,००० गाड्या येतील. विकलं जाणारं पेट्रोल तेच, २,००० लिटर, पण पंपाच्या क्षमतेच्या दुप्पट गर्दी. रांग वाढतच जाणार. कारण झाकण उघडणं, पैसे देणं, गाडी पुढे ढकलणं याला अर्ध्या लिटरलाही तेवढाच वेळ लागतो.

हे दोन परिणाम वेगळे ठेवायला हवेत. पहिला एकदाच होतो आणि पंप कोरडा पाडतो. दुसरा रोज होतो आणि रांगा टिकवून धरतो. आता इतिहासाकडे जाऊ.

अमेरिका, १९७३ आणि १९७९

ऑक्टोबर १९७३ मध्ये अरब-इस्रायल युद्ध सुरू झालं. अरब तेलउत्पादक देशांनी उत्पादन कमी करायला सुरुवात केली आणि अमेरिकेला तेल विकणं बंद केलं. मार्च १९७४ पर्यंत ही बंदी टिकली. त्या हिवाळ्यातली अमेरिकेतली दृश्यं प्रसिद्ध आहेत: मैलभर रांगा आणि पंपांवर लावलेली रंगीत निशाणं. हिरवं म्हणजे या, लाल म्हणजे पेट्रोल नाही. ओरेगॉन राज्यानं सम-विषम पद्धत आणली. नंबर प्लेटचा शेवटचा आकडा सम असेल तर सम तारखेला, विषम असेल तर विषम तारखेला. बाकीच्या राज्यांनी ती उचलली.

१९७३ ची टंचाई निदान काही प्रमाणात खरी होती. पण १९७९ चं प्रकरण जास्त बोलकं आहे. इराणमध्ये क्रांती झाली, तेलकामगारांच्या संपामुळे तिथलं उत्पादन कोसळलं. इतर देशांनी, विशेषतः सौदी अरेबियानं, उत्पादन वाढवलं, त्यामुळे जगाच्या पुरवठ्यातली प्रत्यक्ष घट चार-पाच टक्क्यांच्या आसपास होती. तरी कच्च्या तेलाचा भाव पिंपाला १३ डॉलरवरून ३४ डॉलरपर्यंत गेला. कारण टाकी फुल करणाऱ्यांत फक्त मोटारवाले नव्हते, तेल कंपन्या आणि आयातदार देशही होते. ‘उद्या मिळेल न मिळेल’ म्हणत त्यांनीही आपापले साठे वाढवले. म्हणजे ज्याला आपण अडाणी माणसाची घबराट म्हणतो, तेच वागणं मोठमोठ्या कंपन्यांचे हिशोबनीस शांत डोक्यानं करत होते!

मे १९७९ मध्ये कॅलिफोर्नियात रांगा लागल्या आणि उन्हाळ्यात त्या पूर्व किनाऱ्याला पोचल्या. जूनमध्ये पेनसिल्व्हेनियातल्या लेव्हिटटाऊनमध्ये तर दंगल झाली. सरकारी वाटप जुन्या खपाच्या आकड्यांवर चालायचं. पण लोकांनी भीतीपोटी लांबचे प्रवास टाळले होते, त्यामुळे सुट्टीच्या ठिकाणच्या पंपांवर पेट्रोल पडून आणि शहरांत ठणठणाट. एका अंदाजानुसार त्या काळात अमेरिकन गाड्या नुसत्या रांगेत इंजिन चालू ठेवून रोज दीड लाख पिंपं तेल जाळत होत्या. आपल्या गावातला दुसरा परिणाम तो हाच.

म्हणून काही राज्यांनी एक नियम केला, जो ऐकायला उलटा वाटतो: ठरावीक रकमेपेक्षा कमी पेट्रोल मिळणार नाही. टंचाईत लोकांना *जास्त* घ्यायला लावायचं? पण हेतू पेट्रोल वाचवण्याचा नव्हताच. ज्याची टाकी जवळपास भरलेली आहे त्यानं रांगेत येऊ नये, इतकाच होता. सम-विषमनंही पेट्रोलचा थेंब वाचत नाही. रोज येऊन टाकी टिच्चून भरणाऱ्याला मात्र एक दिवस घरी बसावं लागतं.

ब्रिटन: न झालेला संप

पुरवठा जराही कमी न होता पंप कोरडे पडू शकतात का? आपल्या काल्पनिक गावाची ही खरी परीक्षा. मार्च २०१२ मध्ये ब्रिटननं ती देऊन टाकली.

टँकरचालकांनी संपाच्या बाजूनं मतदान केलं. संपाची तारीख जाहीर झालेली नव्हती आणि कायद्यानं सात दिवसांची नोटीस देणं बंधनकारक होतं. तरी फ्रान्सिस मॉड या मंत्र्यांनी लोकांना सल्ला दिला की गॅरेजमध्ये कॅनभर पेट्रोल ठेवलेलं बरं. पुढच्याच दिवशी पेट्रोलची विक्री नेहमीपेक्षा १७२ टक्क्यांनी वाढल्याचं पंपचालकांच्या संघटनेनं सांगितलं. म्हणजे पावणेतीन पटीच्या आसपास. तेवढ्यानंही अनेक ठिकाणी पंप रिकामे झाले. घरात पेट्रोल ओतताना भडका उडून एक महिला गंभीर भाजली. आणि संप? तो झालाच नाही.

सप्टेंबर २०२१ मध्ये पुन्हा तेच. ट्रकचालकांच्या तुटवड्यामुळे काही मोजके पंप बंद ठेवावे लागतील, असं बीपी कंपनीनं सांगितल्याची बातमी २३ तारखेला आली. शुद्धीकरण कारखान्यांत आणि डेपोंत इंधन भरपूर होतं, मंत्रीही तेच सांगत होते. दोनच दिवसांत, शनिवारी २५ तारखेला, पंपांवरचा सरासरी साठा टाकीच्या सुमारे ४० टक्क्यांवरून १५ टक्क्यांवर आला. ४ ऑक्टोबरपासून सैन्याचे चालक टँकर चालवायला लागले. दरम्यान डॉक्टर, परिचारिका, घरोघरी जाऊन आजारी-म्हाताऱ्यांची काळजी घेणाऱ्या बायका कामावर कशा पोचणार, हा प्रश्न उभा राहिला होता.

मग घाबरणारा चुकतो का?

समाजशास्त्रज्ञ रॉबर्ट मर्टन यांनी १९४८ मध्ये ‘स्वतःला खरं करून दाखवणारं भाकीत’ ही कल्पना मांडली. त्यांचं उदाहरण बँकेचं होतं. बँक बुडणार अशी अफवा उठते, सगळे पैसे काढायला धावतात, म्हणून धडधाकट बँक बुडते. १९८३ मध्ये डायमंड आणि डिबविग या अर्थशास्त्रज्ञांनी याचं गणित मांडलं. त्यांना २०२२ मध्ये नोबेल मिळालं. त्या गणिताचा गाभा असा, की धावणारा माणूस वेडा नसतो. बाकीचे धावणार असतील, तर आपण न धावणं हाच तोटा.

पेट्रोलचं तर अजून सोपं आहे. आज टाकी फुल केली आणि टंचाई आलीच नाही, तर माझं काय गेलं? काही नाही, ते पेट्रोल पुढे वापरणारच आहे. आज भरलं नाही आणि टंचाई आली, तर कामाचे दिवस बुडाले. ‘घाबरू नका, साठा मुबलक आहे’ हे विधान म्हणूनच चालत नाही. ते खरं असलं तरी ऐकणाऱ्याला त्याच्या शेजाऱ्याबद्दल काहीच सांगत नाही. बँकेच्या बाबतीत सरकार ठेवींचा विमा देतं, आपल्याकडे पाच लाखांपर्यंत, त्यामुळे धावण्याचं कारणच संपतं. पंपाला असा विमा नाही. नोटा छापता येतात, पेट्रोल नाही.

जानेवारी २०२४ आणि शंभराची नोट

आता आपल्या दाराशी येऊ. नव्या भारतीय न्याय संहितेत, अपघात करून न कळवता पळून जाणाऱ्या चालकाला दहा वर्षांपर्यंत शिक्षेची तरतूद आली. तिच्याविरुद्ध १ जानेवारी २०२४ पासून ट्रक आणि टँकरचालकांनी काम थांबवलं. मनमाडजवळच्या पानेवाडीतून टँकर निघेनात. मुंबई, नागपूर, नाशिक, छत्रपती संभाजीनगर, सगळीकडे पंपांवर रांगा, पाठोपाठ ‘पेट्रोल संपले’च्या पाट्या. २ तारखेच्या रात्री केंद्रीय गृहसचिव आणि वाहतूकदारांच्या संघटनेची चर्चा झाली आणि आंदोलन मागे घेतलं गेलं. पुढे १ जुलैला संहिता लागू झाली तेव्हा ते उपकलम बाजूला ठेवलं गेलं.

टँकर जेमतेम एक-दोन दिवस थांबले होते. बहुतेक पंपांना तेवढं निभावता आलं असतं. पण टाक्या फुल झाल्या.

कोणाच्या? माझ्या मते प्रश्न इथे आहे. मुंबईत तेव्हा पेट्रोल लिटरला १०६ रुपयांच्या पुढे होतं. ‘शंभरचं टाक’ म्हणणाऱ्याला एक लिटरही मिळत नव्हतं. दहा लिटरची टाकी फुल करायला हजाराच्या वर रोख लागते, चारचाकीला तीन-चार हजार. ज्याच्या खिशात ते पैसे आहेत तो एका फेरीत दोन आठवड्यांची सोय करून घरी जातो. घरपोच जेवण पोचवणारा, सकाळी पेपर टाकणारा, फेरीवाला यांची गाडी बाराही महिने रिझर्व्हच्या आसपास असते. त्यांना आजच्या कमाईतून उद्याचं पेट्रोल घ्यायचं असतं. पंप दोन दिवस कोरडा म्हणजे त्यांची दोन दिवसांची मजुरी गेली. पेट्रोलची जागा बदलते म्हणताना ते कोणाकडून कोणाकडे जातं, हेही बघायला हवं.

चंडीगढ प्रशासनानं २ जानेवारीला एक आदेश काढला: दुचाकीला २ लिटर, चारचाकीला ५ लिटर, त्याहून जास्त नाही. आपल्या गावात हा नियम लावून बघा. ४,००० गाड्या गुणिले २ लिटर म्हणजे ८,००० लिटर. पंपात १४,००० आहे. सगळ्यांना मिळालं, प्रत्येकाची चार दिवसांची सोय झाली आणि ६,००० लिटर शिल्लक! किंमत मोजावी लागते ती वेळेची. त्या ४,००० गाड्या उरकायला दोन दिवसांहून थोडा जास्त वेळ लागेल, म्हणजे रांगा लांबच राहणार.

अमेरिकेचा ‘किमान इतकं घ्या’ आणि चंडीगढचा ‘कमाल इतकंच घ्या’ हे उलटे नियम. पहिला रांग आखूड करतो, पण आपल्याकडे लावला तर शंभराची नोट घेऊन आलेल्याला पंपाबाहेर काढेल. दुसरा रांग लांबवतो, पण त्या माणसाला पेट्रोल मिळवून देतो. दोन्ही एकाच वेळी साधता येत नाही. निवड करावी लागते आणि ती पहिल्या काही तासांत करावी लागते, कारण आपल्या गावातला पंप एका दिवसात कोरडा पडला होता.

माझं प्रारूप अर्थातच खऱ्या शहरापेक्षा फार सोपं आहे. त्यात ॲम्ब्युलन्स नाही, काळा बाजार नाही, ओळखीच्या पंपवाल्याला फोन नाही. पण मार्च २०१२ चं ब्रिटन त्यात बसतं आणि जानेवारी २०२४ चा महाराष्ट्रही बऱ्यापैकी बसतो. त्यामुळे पुढच्या वेळी रांगा लागतील (लागतीलच) तेव्हा ‘लोक का घाबरले’ याच्या आधी विचारायचा प्रश्न साधा आहे: आज पंपावर गाडीमागे किती लिटर मिळतंय, आणि ते कोणी ठरवलंय?