अटलांटा, पहाटे अडीच

जोडणीचा दिवस
मोठ्या नेटवर्क स्विचला मागे दोन पॉवर सप्लाय असतात. आधी अर्थिंगची वायर घट्ट आवळायची, मग एक कॉर्ड एका यूपीएसच्या लाइनवर आणि दुसरी दुसऱ्या यूपीएसच्या लाइनवर लावायची. दोन्ही लाइन निम्म्याहून कमी भरलेल्या हव्यात, कारण एक गेली की सगळा भार दुसरीवर येतो आणि तिचा ब्रेकरही ट्रिप होऊ शकतो. घाईत दोन्ही कॉर्ड एकाच पीडीयूत, म्हणजे रॅकमधल्या एकाच वीजपट्टीत, खोचल्या तरी स्विच चालू होतोच. दोन्ही हिरवे दिवे लागतात, अलार्म वाजत नाही. ही चूक पकडायला पाच मिनिटं पुरतात: एका यूपीएसची लाइन बंद करून बघा, ती परत सुरू करा, मग दुसरी बंद करा. ही पाच मिनिटं न देताच रॅकचं दार लावलेलं मी पाहिलं आहे, आणि म्हणूनच डेल्टा एअरलाइन्स या विमानकंपनीवर एका पहाटे ओढवलेल्या संकटाचा हिशेब मी त्या पहाटेपासून नाही, इथून मांडतो.

8 ऑगस्ट 2016, पहाटे सुमारे 2:30
अटलांटातल्या डेल्टाच्या तंत्रज्ञान केंद्रात वीजपुरवठा नियंत्रित करणारा एक महत्त्वाचा भाग बिघडला. ट्रान्सफॉर्मरला विजेचा झटका बसला आणि वीज गेली. आपल्याकडे तेव्हा भर दुपारचे बारा वाजले होते.
वीज लवकरच परत आली. तेवढंच असतं तर ही बातमी झालीच नसती. पण काही महत्त्वाच्या यंत्रणा आणि नेटवर्कची उपकरणं पर्यायी व्यवस्थेवर गेलीच नाहीत, असं कंपनीनंच पुढे सांगितलं.

सकाळ
यंत्रणा बंद पडल्यानं डेल्टाची जगभरातली उड्डाणं थांबवली. हवेत असलेली विमानं पुढे गेली, जमिनीवरची जमिनीवरच राहिली. काही ठिकाणी प्रवाशांच्या हातात पेनानं लिहिलेले बोर्डिंग पास पडले.

8:40
उड्डाणबंदी उठली, मोजकी विमानं निघू लागली. पण एका शहरात अडकलेलं विमान दुसऱ्या शहरातल्या प्रवाशांसाठी नेमलेलं असतं, आणि वैमानिकांच्या ड्यूटीच्या तासांना मर्यादा असते. वीज परत येते तशी वेळापत्रकं परत येत नाहीत.

10:30
सुमारे 300 उड्डाणं रद्द.

रात्र
सुमारे 1,000. मंगळवारी, बुधवारीही रद्द होतच राहिली. तीन दिवसांत आकडा 2,000 च्या पुढे गेला. नुकसान सुमारे 15 कोटी डॉलर.

त्यानंतर
डेल्टाचे मुख्य कार्यकारी अधिकारी एड बास्टियन यांनी कारण सांगितलं. केंद्रातल्या सुमारे 7,000 सर्व्हरपैकी सुमारे 300 पर्यायी विजेला जोडलेलेच नव्हते.